मागून दाबलेली रोपं

"हे यंत्र रोप लावते का निजवते, वैनी?" आमच्याकडे रोजानं कामाला येणारी भागिरथा माझ्या कानाशी पुटपुटली. एकाच सरीत आम्ही दोघी वाकलो होतो, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ.

"हळू बोल ना. हे आयकतीन."

हे म्हणजे माझे मालक, दौलतराव. मालेगावात त्यांचं इंजिन-पंप दुरुस्तीचं दुकान, आणि जऊळक्याच्या वाटेवर आमचं चार एकर वावर. मिरची लावताना बायांच्या कमरा मोडतात हे त्यांना पाहवेना. त्र्याहत्तर साली त्यांनी ठरवलं, रोप आपोआप लागलं पाहिजे. दहा वर्षं माझी कंबर त्याच वावरात मोडत होती, ती कशी दिसली नाही, हे मी विचारलं नाही. नवरा चांगलं काही करत होता.

तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून केलेल्या वाट्या, सायकलची चेन, पुढे सरी पाडणारा फण, मागे माती ओढणाऱ्या दोन पट्ट्या. आमचा गडी ग्यानबा बैल हाकायचा. भागिरथा यंत्राच्या पाटावर बसून वाटीत रोप ठेवायची. वाटी फिरून खाली यायची आणि रोप सरीत उभं. पण घटकाभरच. पट्ट्या माती नुसती ढकलायच्या, मुळाशी घट्ट बसवायच्या नाहीत. ऊन चढलं की रोपानं मान टाकलीच.

पहिल्या दिवशी हे जेवायला घरी गेले आणि मी सरीत उतरले. आम्ही बाया लावताना दाबतो तशी दोन्ही अंगठ्यांनी प्रत्येक रोपाची माती दाबत निघाले. पहिलाच दिवस, माणूस खुश राहू दे, एवढंच मनात. अर्ध्या सरीत मान वर केली, तर समोरून भागिरथा तेच करत येत होती.

"तू काहून?"

"तुमी काहून? भाऊचं तोंड उतरलेलं पाहवत नाही मले."

पलीकडच्या सरीत ग्यानबा टाचेनं माती दाबत होता. आमच्याकडे पाहून त्यानं न पाहिल्यासारखं केलं.

आठ दिवसांनी ह्यांनी रोपं मोजली. "शंभरात दोनच मेले!" म्हणाले, आणि यंत्रावरून असा हात फिरवला की मला माझाच राग आला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पुढे दोन वर्षं त्यांनी यंत्रात सुधारणा केल्या. पाट रुंद केला, चेनीला झाकण लावलं, हिरवा रंग दिला. माती दाबायला मागे एखादं चाक हवं, हे त्यांना सुचणार कुठून? दर लावणीला त्यांची पाठ वळली की ते चाक आम्ही तिघं होतो.

मग ह्यांनी शेती खात्याला पत्र घातलं. श्रावणात जीप घेऊन साहेब आले.

मी घरी पोह्यांचा घाट घातला होता. साहेब पोहे खायला उठले की आम्ही सरीत उतरायचं. तीन सऱ्या लागल्या. साहेब छान छान म्हणाले आणि बांधावर बसले. "वहिनी, पोहे इथंच आणा. दुपारपर्यंत बसून बघतो."

अकराला पहिलं रोप वाकलं. बारापर्यंत तिन्ही सऱ्यांतली रोपं जमिनीला लागली. साहेब बशी हातात धरून नुसते बघत होते.

ह्यांनी एक रोप उचललं, मूळ न्याहाळलं. "असं कधी झालं नाही, साहेब. कधीच नाही." मग वळले. कधी आवाज न चढवणारा माणूस. "भागिरथे, रोप कसं ठेवलं तू वाटीत? ध्यान कुठी होतं तुयं?"

भागिरथेनं माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मग पदर सारखा केला. "चुकलं भाऊ माह्यं."

"पाटावर दुसरी बाई बसवून बघा," साहेब समजुतीनं म्हणाले.

ह्यांनी मान डोलावली. ग्यानबा बैलांच्या मानेची जोती सोडायला लागला, ती तर आधीच सुटलेली. भागिरथा ओटीतली उरलेली रोपं काढून ओल्या फडक्यात नीट गुंडाळत होती. तिच्या नखांत माती, माझ्याही. मी हात पदराखाली घेतले आणि इतकी लाज वाटली की पुन्हा बाहेर काढले.

"तिचं नाही चुकलं," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना. "तुमच्या यंत्रानं लावलेलं एकबी रोप आजवर जगलं नाही. दोन वर्सं आमीच मागून दाबत होतो."