इसिडोरच्या डोक्यातली थेंबवाली

मित्रांनो, मरोळ गावठाणातल्या इसिडोरच्या डोक्यातली मी एक जुनी चेतापेशी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाची बदामाएवढी जागा असते. तिथे बसून मी हार्मोनचे थेंब सोडते आणि अख्खा इसिडोर चालवते!

आता खरं सांगते. माझा जन्म मेंदूत झालाच नाही, नाकात झाला. इसिडोर आईच्या पोटात होता, तेव्हा आम्ही काही जणी नाकातून रांगत वर आलो आणि जागा धरून बसलो.

पुढे बरीच वर्षं आम्हाला फारसं काम नव्हतं. मग एकदम हुकूम सुटला, की तासा-दीड तासानं थेंब सोडा. नेमका त्याच मे महिन्यात इसिडोर गावच्या क्रुसासमोर प्रार्थनेचं गाणं गात होता. वरच्या सुरात त्याचा आवाज असा फाटला, की पाद्रीबाबा बकरा शोधायला लागले. नंतर मिशा आल्या, कार्मेनशी लग्न झालं, झेवियर झाला. लोक इसिडोरची पाठ थोपटायचे. आमचं नाव कुणी घेतलं नाही.

इसिडोरची साठी उलटली आणि माझ्या सोबतिणी एकेक करून गप्प झाल्या. कार्मेन बॉटल मसाल्याच्या मिरच्या भाजायची, सगळी आळी शिंकायची, इसिडोरला मात्र वासच यायचा नाही.

"नाक गहाण टाकलं काय?" ती हसायची.

मग तो नावं विसरला, घरचा रस्ता विसरला. डॉक्टर म्हणाले, वय झालं, आणि टॉनिक दिलं. टॉनिकनं तो धट्टाकट्टा झाला आणि आणखी लांब जाऊन हरवायला लागला. आम्ही आटलो म्हणून त्याची आठवण गेली, की आठवणीबरोबर आम्हीही गेलो, ते मला अजून कळलेलं नाही. वाईट मात्र फार वाटतं.

एकोणीसशे अडुसष्ट साली झेवियरचं लग्न ठरलं. त्याचं एकच म्हणणं होतं, "पप्पांनी मला ओळखून डोक्यावर हात ठेवायला पाहिजे. मगच चर्चला जाईन."

आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी घेऊन आल्या. नवऱ्या मुलाला त्या पाण्यानं आंघोळ घालायची आमच्याकडे रीत. बघतात तर पाटावर इसिडोर, शर्ट काढून तयार!

त्याची बहीण एथेल ओरडली, "ऊठ रे! नवरा झेवियर आहे!"

"झेवियर कोण?" इसिडोरनं विचारलं. "माझी कार्मेन तिकडे नटून बसली असेल. लवकर पाणी घाला ना!"

सगळे खो खो हसले. कार्मेन घागर घेऊन तिथेच उभी होती.

"घाला गं," ती म्हणाली. "आधी त्यालाच घाला."

मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल तर हसा हवं तर, पण पाटावरून उठवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेवियर कोट घालून अंगणात इसिडोरच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. मी उरलासुरला जोर लावून एक थेंब सोडला. इसिडोर उठला. झेवियरला वळसा घालून पुढे गेला. लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला तिथे गुडघा टेकून बुटाची नाडी बांधत होता, त्याच्या डोक्यावर इसिडोरनं हात ठेवला.

"झेवियर, माझ्या पोरा," तो म्हणाला.

ट्रम्पेटवाला आमेन म्हणाला.