मंडळासमोर सावधान

गल्लीत सगळे त्यांना फौजी म्हणत. सीमेवर सुरुंग फुटला तेव्हा फौजींचा पाय जागेवरच राहिला, आणि हीच त्यांची मोठी चूक झाली. पाय गेलाच असता तर सरकारी तक्त्यात त्याला सरळ रकाना होता. पण कमरेत लोखंडी पट्टी, मांडीत किरचा आणि पाय दिसायला धडधाकट, अशा माणसाचं काय करायचं हे काही सरकारचं ठरत नव्हतं. म्हणून दर थोड्या वर्षांनी लष्कराचं वैद्यकीय मंडळ त्यांना बोलावून घेई, ते अजून किती टक्के मोडलेले आहेत हे तपासून बघे आणि त्यावर त्यांची पेन्शन ठरवी.

या खेपेला बायकोने आधीच सूत्रं हाती घेतली. "दाढी करायची नाही. काठी सोडायची नाही. आणि कसे आहात म्हणून विचारलं, तर 'ठीक' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"रोज मला जे ऐकवता ते."

फौजींनी सगळं कबूल केलं. आणि तपासणीच्या दिवशी उठून गुळगुळीत दाढी केली, बूट आरशासारखे चमकवले. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "बढती घ्यायला निघालात की काय?"

दालनात टेबलामागे तीन डॉक्टर बसले होते. मधल्याच्या खांद्यावर कर्नलच्या खुणा. त्या दिसल्या मात्र, फौजींनी काठी कधी दाराला टेकवून ठेवली ते त्यांनाही कळलं नाही. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, खाडकन सलाम. कमरेतून निघालेली कळ थेट मस्तकात गेली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"कसं काय, जवान?"

"एकदम ठीक, साहेब."

"पायाचा त्रास?"

"विशेष नाही, साहेब."

कर्नलसाहेब खरोखरच भारावले. शेजारच्या दोघांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात शिस्त." मग त्यांनी शेरा लिहिला: आधाराशिवाय उभा राहतो, तक्रार नाही. टक्के निम्म्यावर आणले, म्हणजे पेन्शनही, आणि उठून फौजींशी हात मिळवला. एवढा मान त्यांना अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता.

अपिलाची सोय होती. बायको स्वयंपाकघरात खुर्ची ओढून कर्नल होऊन बसली.

"या आत. लंगडत."

फौजी लंगडत आले.

"कसे आहात?"

"ठीक..."

"जा परत बाहेर."

असं बरंच चाललं. मग एकदा आत येताना पायाने खरोखरच दगा दिला. ओट्याची कड हातातून निसटली आणि फौजी फरशीवर आडवे झाले. बायकोने खांदा देऊन त्यांना उठवलं, खुर्चीवर बसवलं, पाठीशी उशी सरकवली.

"हे तिथे का नाही केलंत?"

फौजींनी सुटलेला शर्ट आधी नीट आत खोचला.

"तिथे साहेब होते," ते म्हणाले.