बरणीतला हात

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगात एक लहान हात आहे. घाबरू नका. मीही तो बरीच वर्षं पाहिला नव्हता. काचेला स्वतःच्या आत पाहता येत नाही.

यॉर्कशायरमधल्या एका काचभट्टीत माझा जन्म झाला. वाळूत लोखंडाचा अंश असतो, त्यामुळे काच हिरवट होते. तो रंग मारण्यासाठी आमच्या रसात चिमूटभर मँगनीज टाकत. मग दोन दिवस हळूहळू निववून, तोंडाला घासून बसवलेलं काचेचं बूच देऊन मला फायली या समुद्रकाठच्या गावी पाठवलं. तिथल्या बेलवूडबाईंच्या गोळ्यांच्या दुकानात, दक्षिणेकडच्या खिडकीत, माझी जागा ठरली. माझ्यात नासपतीच्या वासाच्या अर्ध्या गुलाबी, अर्ध्या पिवळ्या गोळ्या असत. शाळा सुटली की मुलं खिडकीच्या काचेला नाकं लावून उभी राहत आणि मला कसं भरून येई!

मग युद्ध आलं. गोळ्या मोजूनमापून मिळू लागल्या आणि मी रिकामी झाले. तरी बेलवूडबाईंनी मला खिडकीतून काढलं नाही. रिकाम्या बरण्यासुद्धा मांडून ठेवायच्या, म्हणजे दुकान जिवंत दिसतं, अशी तिथली रीत होती. पण मुलं आत येऊन पुन्हा पुन्हा विचारत. तेव्हा बाईंच्या धाकटीला, सहा वर्षांच्या मॅव्हिसला, एक युक्ती सुचली.

"चौकातला पोलीस कसा हात वर करतो? तसा हात लावू या. म्हणजे थांबा, काही नाहीये!"

साखरेच्या पुड्यांचा जाड निळा कागद तिने टेबलावर पसरला आणि त्यावर पंजा ठेवला. दहा वर्षांची ऑड्री कात्री चालवू लागली.

"हलू नकोस गं, मॅव्ही."

"गुदगुल्या होतात!"

मॅव्हिस हसली, हात हलला, आणि कागदाची करंगळी अर्ध्यावर कापली गेली.

"बघ, तोडलंस माझं बोट!" मॅव्हिस ओरडली. "आईला सांगते!"

"सांग जा. तुझी चिकटवायची खळ मीच ढवळून दिलीय, रडूबाई."

दोघींनी मिळून तो अपुरा हात माझ्या पोटावर चिकटवला.

त्याच हिवाळ्यात मॅव्हिसला घटसर्प झाला आणि पाच दिवसांत ती गेली.

बेलवूडबाईंनी कागद काढला नाही. युद्ध संपलं, गोळ्या मोकळ्या झाल्या, तरी मला रिकामीच ठेवून त्या बाकीच्या बरण्या भरत राहिल्या. खळ सुटून अंगठ्याची कड मोकळी झाली होती. दार उघडलं की वाऱ्याने ती हले. मुलं म्हणायची, "हात बोलावतोय," आणि माझ्यासमोरून पळत जायची. जवळजवळ तीस उन्हाळे ऊन माझ्यावर पडलं. त्या निळ्या हाताखाली मात्र पडलं नाही.

बाई वारल्या तेव्हा ऑड्री लग्न होऊन कॅनडात होती. दुकान रिकामं करणाऱ्या माणसांनी आम्हा सगळ्यांना गरम पाण्याच्या टबात बुचकळलं. कागदाचा लगदा झाला आणि वाहून गेला. मग एका पेटीत, कुणाच्या तरी माळ्यावरच्या अंधारात, मी चाळीस वर्षं पडून राहिले. मला वाटलं, संपलं.

तिथून मला डेस्मंड थॅकरे यांनी आणलं. ते निवृत्त पोस्टमन. त्यांच्याकडे जुन्या बरण्या एकशे बारा होत्या, आणि प्रत्येकीचं बूच तिचं स्वतःचंच आहे ना, हे ते फिरवून, आवाज ऐकून ओळखत. फार जपणारा माणूस. मला धुऊन त्यांनी पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलं आणि माझ्या पोटावरचा फिकट डाग पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"नोरीन, हिला हात तू लावलास?"

"तुझ्या बरण्यांना? मला काय जीव नकोसा झालाय?" त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्यांनी मला व्हिनेगरने धुतलं. आत तांदूळ घालून हलवलं. डाग हलेना. मग जुनी काच तपासायची ती जांभळ्या किरणांची बॅटरी त्यांनी आणली आणि भर दुपारी पडदे ओढून माझ्यावर धरली.

माझ्या अंगातून हिरवा उजेड निघाला. सगळीकडून मंद, आणि मधोमध लख्ख. पाच बोटं. आतून काचेला टेकून कुणी बाहेर पाहत असावं, तसा पंजा.

नोरीनच्या हातातला चहा सांडला. "डेस, ते लहान पोर आहे! बंद कर!"

तसं पाहिलं तर कारण साधं आहे, मित्रांनो. माझ्यातलं मँगनीज वर्षानुवर्षांच्या उन्हाने किंचित जांभळं होतं आणि त्याची हिरवी चमक कमी होते. कागदाने झाकलेली काच तशीच राहिली होती. उन्हाने बाकी सगळी मी बदलले. तेवढा हात उरला. पण हे त्या दोघांना कोण सांगणार?

नोरीन रात्री त्या खोलीत जाईना. डेस्मंडनी चौकशी केली, तेव्हा एका कुंभाराने सांगितलं, "भट्टीत पाचशे अंशांपर्यंत तापवू. जांभळं उडून जाईल, बरणी नव्यासारखी." येत्या रविवारी माल्टन गावच्या सभागृहात बरण्यांचं प्रदर्शन होतं. तिथूनच कुंभार मला तीन वाजता नेणार होता. मला तापण्याचं भय नाही, माझा जन्मच आगीतला. पण मॅव्हिसचं जगात दुसरं काहीच उरलं नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

अडीच वाजता काठी टेकत एक म्हातारी बाई आमच्या टेबलापाशी आली.

"सगळ्यांत गोळ्या आहेत. ही एकटीच उपाशी का?"

"ती आज जायचीय, बाई," डेस्मंड म्हणाले. "डाग आहे तिच्यात."

"डाग माझ्यातही पुष्कळ आहेत. मला कुणी नेत नाही." ती हसली आणि मला उचलून पांढऱ्या टेबलक्लॉथवर धरलं. चष्मा सावरला. हसू विरलं.

"ही करंगळी अर्धीच आहे."

"हो ना, अर्धवटच दिसतं सगळं."

"अर्धवट नाही. मी कापली ती." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "ती हसली, आणि माझी कात्री घसरली. आई विचारत होती, कुणी केलं. मॅव्हीने माझं नाव सांगितलंच नाही."

ती ऑड्री होती, त्र्याऐंशी वर्षांची, म्हातारपणी कॅनडाहून परतलेली. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं: खिडकी, पोलीस, निळा कागद. नोरीन खुर्ची घेऊन धावली. तीन वाजता कुंभार आला, तेव्हा डेस्मंडनी दोन्ही हातांनी मला छातीशी धरलं होतं.

"भट्टी नको," ते म्हणाले. "माफ कर, गड्या. आणि बाई, हिला तुम्हीच घेऊन जा. बूच तिचंच आहे हं. दोघांना वेगळं करू नका."

आता मी ऑड्रीच्या कपाटात, लोकरी मफलरांमध्ये असते. ऊन पुन्हा लागलं तर झाकली राहिलेली काचही जांभळी होईल आणि हात बुजेल, म्हणून मला अंधारच बरा. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर घासायच्या आधी उजेडाकडे धरून पाहा. विचारा. एकदा गेलेली खूण पुन्हा उमटत नाही.

वर्षातून एकदा, मॅव्हिसच्या वाढदिवशी, ऑड्री भर दुपारी पडदे ओढते, डेस्मंडनी दिलेली बॅटरी लावते आणि आपला सुरकुतलेला पंजा त्या हिरव्या पंजावर ठेवते. मग बॅटरी विझवून मला परत आत ठेवते.

मी काच आहे. कुणी हात लावून गेल्यावर मी किती वेळात गार होते, हे मला ठाऊक आहे. ऑड्रीच्या मोठ्या पंजाची ऊब दार लागायच्या आत निघून जाते. फक्त लहान हाताएवढी जागा, अर्ध्या करंगळीसकट, सकाळपर्यंत कोमट असते.