गुरुवारचा श्वास

देशोदेशी दवाखाने चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्यालयाने ऑक्सिजनचं मशीन दिलं एकच, आणि दवाखाने होते सात. मोठ्या साहेबांनी समन्यायावर दीड तास भाषण ठोकलं आणि तोडगा काढला. आठवड्याचे वार सात, तेव्हा प्रत्येक दवाखान्याला एकेक वार. कुणावर अन्याय म्हणून नको! टेकडीवरच्या दवाखान्यात वीजच नव्हती, पण मंगळवार त्यालाही मिळाला. आपल्या सिस्टरच्या वाट्याला गुरुवार आला. तिच्या पेशंटांनी धाप लागायची ती गुरुवारीच लावून घ्यावी, एवढीच काय ती अपेक्षा.

लाँड्रीवाल्याची सहा महिन्यांची नात मात्र मंगळवारी निळी पडली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आजोबा दारात उभा राहून नुसता सिस्टरच्या तोंडाकडे बघत होता. तिने टेकडीवरच्या सिस्टरला फोन लावला.

"मशीन काय करतंय गं?"

"बसलंय कोपऱ्यात. सकाळीच धूळ पुसली त्याची."

"पाठव की इकडे. पोर हातचं जातंय."

"अगं, पण आज आमचा वार. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल माझी."

"लाइट तरी आहे का तुझ्याकडे?"



"लाइट कुठली, नुसता वार आहे. ड्रायव्हरदादांबरोबर पाठवते. पण रजिस्टरात मशीन इथेच हं!"

गाडी चाळीस मिनिटांत आली. तासाभराने पोरीच्या ओठांवर रंग चढला आणि तिने असं भोकाड पसरलं, की आजोबा हसता हसता रडायला लागला. सिस्टरनेही डोळे पुसून घेतले.

त्या दिवसापासून सातही सिस्टर एक झाल्या. रजिस्टर वाराप्रमाणे फिरायचं आणि मशीन धाप लागेल तिथे.

वर्षअखेरीस साहेब फुलांचा गुच्छ घेऊन हजर.

"धाप लागून एकही मूल दगावलं नाही, आणि रजिस्टरात एकही वार चुकलेला नाही! हा समन्यायाचा विजय आहे, सिस्टर. मुख्यालय आता ही पद्धत चाळीस देशांत लागू करतंय. सात दवाखान्यांत एकच मशीन!"

टाळ्या कडाडल्या. सिस्टरने गुच्छ टेबलावर ठेवला. खरं बोलावं, तर टेकडीवरच्या सिस्टरची नोकरी जाणार आणि मशीन पुन्हा वार पाळणार. गप्प बसावं, तर चाळीस देशांतली पोरं तिला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"साहेब," ती म्हणाली, "तिकडच्या सिस्टरना ट्रेनिंग द्यायला मला पाठवा."

"वा! मशीन चालवायचं?"

"नाही साहेब. रजिस्टर भरायचं."