लिफ्टवालीचे नऊ संच

माझ्याकडे एकाच संगीत नाटकाच्या नऊ रेकॉर्डी आहेत हे कळल्यावर सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपल्या मुलाकडे. लग्न ठरवताना ही गोष्ट कुणीतरी लपवून ठेवली होती, असा त्यांचा चेहरा झाला.

"एकाच नाटकाच्या?"

"हो आई."

"गाणी तीच?"

"गाणी तीच. नटसंच वेगळे."

"म्हणजे ओरडणारे तेच, की तेही वेगळे?"

"वेगळे लोक तेच ओरडतात," नवरा म्हणाला. तो माझ्या मदतीला नेहमी असाच धावतो.

नाटकाचं नाव 'लिफ्टवाली'. एका उंच इमारतीत लिफ्ट चालवणारी बाई साहेबलोकांना वर-खाली नेऊन नेऊन कंटाळते आणि एके दिवशी कुठल्याच मजल्यावर थांबत नाही. लिफ्ट छप्पर फोडून निघून जाते. आत सहा साहेब, एक टपालवाला, आणि मागे गिटार आणि ड्रमचा दणदणाट. पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा समीक्षकांनी ते धुऊन वाळत घातलं आणि महिन्याभरात प्रयोग बंद पडले. मग लोकांना त्याचं वेड लागलं. आता ते कुठेही लागलं की प्रेक्षक लिफ्टवालीची टोपी घालून येतात आणि मजल्यांचे आकडे नटांच्या आधी ओरडतात. मी टोपी घालत नाही. मी घरी बसून ऐकते.

नोकरी मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत करते. दुकानांतली, औषधांच्या कारखान्यांतली वजनं आमच्याकडे येतात, ती प्रमाण वजनाशी ताडून पाहायची. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक काढण्याचा मला पगार मिळतो. घरी आल्यावर तेच काम मी फुकट करते.

मूळ संचाच्या नायिकेला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सर्दी झाली होती. ती 'वर' म्हणते ते अर्धं नाकातून, आणि पुढच्या कितीतरी नट्यांनी सर्दी नसताना तसं म्हणून पाहिलं. दौऱ्यावरचा संच इतक्या घाईत गातो की बाहेर त्यांची बस सुरू करून ठेवली असावी. छोट्या नाट्यगृहातल्या रेकॉर्डवर एक प्रेक्षक विनोदाच्या आधीच हसतो. मग बदली नटीची रेकॉर्ड. मुख्य नटी आजारी पडली म्हणून ऐन वेळी उभी केलेली ही मुलगी शेवटच्या ओळीत 'छप्पर' या शब्दाआधी मधेच श्वास घेते. घ्यायला नको तिथे. मला दर वेळी वाटतं, ही आता खाली येणार. ती येत नाही. तिच्यानंतरचा नवा संच. त्यात सगळं सुरात आहे, आणि त्याबद्दल एवढंच बोलण्यासारखं आहे. उरलेल्या चारांचंही असंच काही ना काही आहे.

सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्याला तेव्हा महिना होत आला होता. गणिताच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या. हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. आतली लहान खोली त्यांना द्यायची हे ठरलेलंच होतं. प्रश्न खोलीतल्या रेकॉर्डींच्या कपाटाचा होता. संध्याकाळी त्यांचं डोकं दुखायचं, म्हणून त्या आल्यापासून मी एकही तबकडी लावली नव्हती. तरी त्यांचं समाधान नव्हतं.

"एक ठेव. बाकीच्या देऊन टाक. सगळ्या सारख्याच तर आहेत."

"सारख्या नाहीत, आई."

"मग ओळखून दाखव. बघू."

असा सौदा ठरला. पाच तबकड्या, पाठ फिरवून ऐकायच्या, संच ओळखायचा. तीन बरोबर आल्या तर कपाट राहणार. नाही तर सोमवारी जुन्या रेकॉर्डींचा व्यापारी येऊन आठ घेऊन जाणार. त्याला फोनही करून झाला होता. परीक्षक म्हणून माझी मोठी नणंद आली. ताई शिस्तीची आहे, फक्त चष्मा लावायला तयार नसते. तबकडीवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, कव्हरावरची दिसतात.

"मी यात नाही," नवरा म्हणाला आणि सगळ्यात चांगली खुर्ची पकडून बसला.

रविवारी सकाळी आतल्या खोलीत मी प्लेअरकडे पाठ करून बसले. समोर सासूबाई विणत होत्या. ताईनं पहिली तबकडी लावली. दोन ओळींतच ती बस ऐकू आली.

"दौऱ्यावरचा संच."

ताईनं कव्हर पाहिलं. "चूक. छोटं नाट्यगृह."

छोटं नाट्यगृह असणं शक्य नव्हतं. त्याच वेळी समोरच्या विणायच्या सुया थांबल्या. सासूबाईंनी एकदा प्लेअरकडे, एकदा ताईकडे पाहिलं, आणि पुन्हा घाईनं विणायला लागल्या.

दुसरी तबकडी गुळगुळीत, सुरात, एकही सुरकुती नाही.

"नवा संच."

"चूक," ताई म्हणाली. "विद्यार्थ्यांचा संच. अगं, काय हे? आमच्या भावाला सांगतेस की रोज फरक मोजतेस."

सुया पुन्हा थांबल्या होत्या. ज्या बाईला सगळ्या रेकॉर्डी सारख्या, तिच्या सुया माझ्या चुकीला का थांबाव्यात?

मी डोळ्यांसमोर कपाट आणलं. तबकड्या मी वर्षांप्रमाणे लावते. दौऱ्यानंतर छोटं नाट्यगृह. नव्या संचानंतर विद्यार्थी. दोन्ही तबकड्या एकेक घर पुढे सरकल्या होत्या. हे कसं होतं तेही मला दिसलं. कुणीतरी दुपारी एकटं बसून ओळीनं ऐकत होतं. एक मनासारखी ऐकून झाली की पुढची कव्हरातून काढायची, आधीची प्लेअरवरून उचलायची आणि हातातल्या मोकळ्या कव्हरात सरकवायची. नवऱ्याला प्लेअरची सुई तबकडीवर ठेवतासुद्धा येत नाही. मी दिवसभर कामावर असते.

ताईला चष्मा लाव म्हटलं असतं तर क्षणात उलगडा झाला असता. पण मुलीसमोर पकडलेली आई काय करते? साफ नाकारते. आणि मग त्या कपाटाचं तोंड जन्मात पाहत नाही. मला पुढच्या तिन्ही बरोबर यायला हव्या होत्या, आणि त्या येणार कशा हे मला आता ठाऊक होतं.

तिसरी सुरू झाली. 'वर', अर्धं नाकातून. जगातल्या कुणालाही ओळखू येईल असा मूळ संच.

"दौऱ्यावरचा," मी म्हणाले.

"बरोबर," ताई म्हणाली. "आता कान उघडले."

सासूबाईंचा एक टाका सुटला. त्यांनी तो उचलला नाही. माझ्याकडे पाहत राहिल्या. मी भिंतीकडे पाहिलं.

चौथ्या वेळी ताईनं शेवटचं गाणं लावलं. ओळ चढत गेली, 'छप्पर' आलं, त्याच्या आधी तो श्वास. खरं नाव गिळणं मला जड गेलं. पण मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "हा नवा संच."

"बरोबर. दोन झाल्या. आता पाचवी..."

"बरोबर काय?" सासूबाईंनी विणकाम मांडीवरून खाली ठेवलं. "कसलं बरोबर? नव्या संचातली ती बाई एका दमात म्हणून मोकळी होते, पाठांतराच्या स्पर्धेत म्हणावं तशी. हिनं मधे श्वास घेतला. ही बदलीवाली आहे."

ताईनं सुई उचलली.

"आई, तुला कसं माहीत?"

"कानावर पडतं माणसाच्या."

"कुणी लावल्यावर? ही तर ऑफिसात असते."

"तू आधी चष्मा लाव. परीक्षक म्हणे."

ताईनं पर्समधून चष्मा काढला, तबकडी उजेडात धरली, मग आधीच्या तीनही काढून पाहिल्या. "सगळ्या भलत्याच कव्हरांत आहेत," ती म्हणाली. "म्हणजे हिची पहिली दोन उत्तरं बरोबर होती, ती मी चूक दिली. आणि नंतरची दोन चूक होती..."

"ती तू बरोबर दिलीस," नवरा म्हणाला. "परीक्षक बदलायला हवा."

सासूबाईंचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. कॉपी करणाऱ्या मुलीच्या बाकापाशी उभं राहावं तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"मुद्दाम चुकलीस."

"हो आई."

"बदलीवालीला नवा संच म्हणताना जीभ कशी वळली तुझी?"

"फार कष्टानं."

"वळली ना पण."

ताई हसायला लागली. "अगं, पण तूच म्हणत होतीस ना, सगळ्या सारख्याच?"

"सारख्या असत्या तर नऊच्या नऊ ऐकत बसले असते का मी? एकीवर भागलं असतं." त्यांनी सुटलेला टाका शोधून सुईवर घेतला. "त्या व्यापाऱ्याला फोन करा, येऊ नको म्हणावं. कपाट हलणार नाही."

मी मनातल्या मनात जिंकले. ते सुख फार टिकलं नाही.

"खोली माझी ठरली आहे ना?" त्या पुढे म्हणाल्या. "मग खोलीतलं सामान माझ्या ताब्यात. प्लेअरसुद्धा. तुला ऐकायचं असेल तेव्हा दार वाजवून येत जा."

"आई, त्या तिच्या रेकॉर्डी आहेत," नवरा म्हणाला. यावेळी खरंच मदतीला.

"तिच्याच आहेत. मी कुठे नेते आहे? लावणार मात्र मी. हिचा भरवसा नाही, हिला सोयीचं असेल तेव्हा हिला काहीही ऐकू येतं."

मी तबकड्या त्यांच्या त्यांच्या कव्हरांत घालायला घेतल्या.

सोमवारी कामावरून आल्यावर मी दार वाजवलं. आतून "थांब" ऐकू आलं. गाणं संपेपर्यंत मी बाहेर उभी राहिले. दार उघडलं तेव्हा कपाट वेगळंच दिसत होतं. वर्षांचा क्रम गेला होता. तबकड्या त्यांनी गुणांप्रमाणे लावल्या होत्या. बदली नटी पहिली, मूळ संच दुसरा.

"सर्दीचे दोन गुण कापले," त्या म्हणाल्या.

"आई, ती सर्दी म्हणजेच तर..."

"फेरतपासणी हवी असेल तर बस आणि ऐकून दाखव."

मी बसले. तेव्हा लक्षात आलं की रांगेत आठच आहेत. नववी दाराशी, जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवली होती. नवा संच.

"जाताना तो हॉलमध्ये घेऊन जा," सासूबाई सुई हलक्या हातानं उतरवत म्हणाल्या. "पाहुणे आले की दाखवायला बरा आहे."