मुरू दिलेले पाणी

मित्रांनो, गच्चीवर लिंबाच्या कुंडीला टेकून जी पोचे पडलेली वस्तू उभी आहे, तिला भंगार समजू नका. मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. अंगावर गंज चढलाय, मूठ एकदा तुटून पुन्हा जोडलेली आहे. पण तोंड शाबूत आहे, म्हणून तर बोलते आहे.

पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले आणि त्याच दिवशी ताईंनी विकत घेतले. ताई घरी शिवणकाम करायच्या. सगळी गल्ली त्यांना ताईच म्हणे. त्यांची सकाळची रीत ठरलेली. आधी प्रत्येक कुंडीला थोडे पाणी, मग ते मुरेपर्यंत उपड्या डब्यावर बसून पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, चार ओळी मोठ्याने वाचायच्या. आठवडाभर त्याच ओळी! सुरुवातीला मला वाटायचे, बाईंना पुढचे पान सापडत नाही की काय. पण शनिवारपर्यंत त्या ओळी माझ्याही पत्र्यात भिनलेल्या असायच्या. खडकावर, काट्यांत आणि चांगल्या मातीत बी टाकणाऱ्या पेरणाऱ्याची गोष्ट तर मला आजही तोंडपाठ आहे.

मग ताईंची धाकटी बहीण कायमची राहायला आली. तिचा नवरा आजारपणात गेला होता. तो बरा व्हावा म्हणून तिने रात्रंदिवस प्रार्थना केली होती, आणि तो गेल्यावर शास्त्र मिटून ठेवले ते ठेवलेच. आल्या आल्या तिने बजावले, "ताई, मला तुझ्या देवाचं काही सांगू नकोस."

"नाही सांगत. झाडांना पाणी तरी घालशील ना?" असे म्हणून ताईंनी मला तिच्या हातात दिले.

तेव्हापासून धाकटी पाणी घाली आणि ताई वाचत. ऐकत नसल्याचे सोंग धाकटी अगदी झकास वठवायची. ती खाली गेली की ताई डोळे मिटून म्हणत, "प्रभू, हिचं मन कोरडं पडू देऊ नकोस." ते ऐकून मला फार वाईट वाटे.

पुढे ताईंनाच दिसेनासे झाले. ऑपरेशन झाले, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आल्या. नजर परत येईलच असे डॉक्टर काही सांगेनात. धाकटीच्या काळजाचे पाणी पाणी झाले. नवरा गेला, आता बहिणीचे डोळेही जाणार? तिने मिटलेले शास्त्र उघडले आणि सुसाट वाचत सुटली. पानामागून पान, अध्यायामागून अध्याय. श्वास घ्यायलाही थांबेना. झाडांचीही तीच गत. माझ्यासारख्या हळूबाईने तिचे भागेना. मला जिन्याखालच्या अडगळीत टाकून तिने कुंड्यांत बादल्या ओतायला सुरुवात केली. माझ्या नळीत कोळ्याने संसार थाटला. अपमान वाटला, खोटे कशाला बोलू?

एके सकाळी ती ताईंना हाताला धरून गच्चीवर घेऊन आली. जिन्याखाली मला सगळे ऐकू येत होते.

"ताई, एवढं पाणी घालते तरी लिंबाची पानं पिवळी पडून गळतायत! आणि एवढं वाचते तरी तुझे डोळे..."

ताईंनी चाचपडत कुंडी शोधली आणि मातीत बोट खुपसले. "अगं, तहानलेलं नाहीये ते. मुळं गुदमरलीत. ओतलंस खूप, मुरू दिलं नाहीस."

मग हसून म्हणाल्या, "आणि देवाला सगळं शास्त्र धडाधडा वाचून दाखवतेस, तो काय तुझी परीक्षा घेतोय?"

रडता रडता धाकटी हसली. "मग करू तरी काय?"

"चार ओळी वाच आणि गप्प बस. त्याचा राग आला असेल तर तोही त्याला सांग. आणि माझी झारी कुठंय गं?"

कोळ्याला बिऱ्हाड हलवावे लागले आणि मी पुन्हा कामाला लागले. माती आधी वाळू दिली, मग थोडे थोडे पाणी. लिंबाने पालवी धरायला भरपूर वेळ घेतला. पट्ट्या निघाल्या तेव्हा ताईंच्या एका डोळ्याला दिसू लागले, दुसऱ्याला नाही. आता माझा जीव टांगणीला लागला. मागितले होते त्यातले अर्धेच मिळाले. शिवाय ताईंना स्वतःला वाचता येत होते, धाकटीने वाचायची गरज उरली नव्हती. शास्त्र पुन्हा मिटले तर?

दुसऱ्या दिवशी ताईंचा गुडघा धरला आणि त्या वर आल्याच नाहीत. धाकटी एकटी आली. तिने कुंड्यांना पाणी घातले, मला खाली ठेवले आणि डब्यावर बसली. मग तिने पिशवीतून शास्त्र काढले आणि चार ओळी मोठ्याने वाचल्या. ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "प्रभू, मी अजून रागावलेय तुझ्यावर. पण आलेय."

मित्रांनो, मी आज आहे, उद्या भंगारात जाईन, माझे सोडा. पण तुमच्या घरात असे कुणी रुसून, कोमेजून बसले असेल, तर त्याच्यावर बादली उपडी करू नका. रोज थोडे घाला, मुरू द्या, आणि तोवर शेजारी बसून राहा.