मिस्टर म्हणायला लागणारा वेळ

क्लेम हेब्डन आमच्या काउंटीच्या क्रिकेट संघात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सूतगिरणीतली नोकरी सोडून आला होता आणि निघताना मुकादमाने बजावलं होतं, पुन्हा या दारात दिसू नकोस. हंगामाच्या शेवटी करार झाला तर झाला, नाहीतर घरी बसायचं. मी सेथ ऑर्मरॉड, संघाचा यष्टिरक्षक, पगारी खेळाडूंमध्ये सगळ्यात जुना. पोराला सांभाळायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

पोरगा ऑफस्पिन टाकायचा आणि चेंडू असा वळवायचा की फलंदाज खेळपट्टीकडेच संशयाने बघायचे. जुलैत विद्यापीठाला सुट्टी लागली आणि दरवर्षीप्रमाणे हौशी, म्हणजे पगार न घेता खेळणारे, साहेब मैदानावर अवतरले. त्यांना जागा करून द्यायला आमचे दोन चांगले फलंदाज घरी बसले. का, असं विचारायची पद्धत नव्हती. साहेबांची खोली वर, आमची खाली कोळशाच्या कोठाराला लागून. मैदानात उतरायची फाटकंसुद्धा वेगळी.

त्या साहेबांत एक मिस्टर कार्टरेट-ब्लाइथ. बाकीचे साहेब त्यांना रॉली म्हणत. क्लेमच्या एका चेंडूवर झेल आभाळात उडाला. आमच्या संघात अशा वेळी झेल कोणी घ्यायचा त्याची हाक द्यायची ती गोलंदाजाने. क्लेम ओरडला, "रॉली, तुझा!" साहेबांनी झेल घेतला. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी कप्तान आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"हेब्डन, मिस्टर कार्टरेट-ब्लाइथ काय तुझ्या गिरणीत होते?"

"नाही सर. पण झेल छान घेतात."

आमचा वेगवान गोलंदाज जेब फिस्सकन हसला, आणि हसू लपवायला बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या पायात बूट नव्हतेच.

"वर जाऊन माफी माग. आणि यापुढे मिस्टर लावून, पूर्ण नाव घ्यायचं."

कप्तान गेल्यावर क्लेम माझ्याकडे वळला. "सेथ, मी झेल मिळवून दिला ना? मग माफी कशाची?"

"जा बाबा. करार व्हायचाय तुझा."

तो गेला. माफी मागून आला.

शेवटच्या सामन्यात समोरच्यांची शेवटची जोडी होती, हव्या होत्या पाच धावा. क्लेमला फटका मारायला फलंदाज गेला आणि चेंडू सरळ वर चढला. एकीकडून क्लेम धावला, मिड-ऑनवरून मिस्टर कार्टरेट-ब्लाइथ. मला स्पष्ट ऐकू आलं, "मिस्टर कार्टरेट—" आणि चेंडू दोघांच्या मधोमध धपकन गवतावर पडला. पुढच्याच षटकात आम्ही हरलो.

"हाक का दिली नाहीस?" कप्तान सगळ्यांसमोर कडाडले.

"देत होतो सर. नाव संपेपर्यंत चेंडू थांबला नाही."

या वेळी जेबसुद्धा हसला नाही.

संध्याकाळी समितीने करार ठरवले. क्लेमचं नाव नव्हतं. कारण काय, तर क्षेत्ररक्षणात भरवसा नाही! माझं डोकं फिरलं. मी पॅडसकट साहेबांच्या जिन्याने वर गेलो. समितीवाले शेरी पीत बसले होते, मिस्टर कार्टरेट-ब्लाइथही होते.

"सर," मी त्यांनाच विचारलं, "पोराने नुसतं रॉली म्हटलं असतं, तर तो झेल तुम्ही घेतला असता की नाही?"

त्यांचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, कप्तानांकडे पाहिलं, आणि पुन्हा ग्लास तोंडाला लावला. एवढा शिकलेला माणूस, 'हो' म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "ऑर्मरॉड, पगारी लोकांचा जिना मागच्या बाजूला आहे."

खाली क्लेम पिशवी भरून बसला होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं.

"आईला काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

"नाव लांब होतं म्हणून मला काढलं, असं?" तो उभा राहिला. "सेथ, ती म्हणेल पोरगा खोटं बोलायला शिकला."

त्याची पिशवी उचलून मी स्टेशनपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेलो.